जपानी शिकायची तर मराठीतून शिकावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

ऑगस्ट २०२५मध्ये टोकियोत झालेल्या भारत-जपान शिखर बैठकीत एक आराखडा जाहीर झाला. पुढील पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये मिळून पाच लाखांहून अधिक लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून जपानला जाणारे ५०,००० कुशल कामगार व होतकरू तरुण असावेत, असे त्यात म्हटले आहे. ‘तोकुतेइ गिनो’ या नावाचा कुशल कामगारांसाठीचा व्हिसा जपानने एप्रिल २०१९पासूनच सुरू केला होता आणि जानेवारी २०२१मध्ये त्याबाबत भारताशी सहकार्याचा करारही झाला होता. त्यामुळे आता आमच्या मिरज-सांगलीकडच्या भिंतींवरही ‘तीन महिन्यांत एन-फोर, जपानमध्ये नोकरी’ अशा जाहिराती दिसतात आणि ज्यांना त्या वर्गांचे शुल्क परवडत नाही किंवा ज्यांच्या गावात वर्गच नाही, असे अनेक तरुण मोबाइलच्या आधाराने, शिक्षकाशिवाय ही भाषा शिकू पाहतात. मी स्वतः वर्गात न बसता जपानी शिकलेला माणूस असल्यामुळे अशी मुले माझ्याकडे चौकशीला येतात. त्यांच्याशी बोलताना जे वारंवार जाणवले, ते आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र.

आधी त्या तीन महिन्यांविषयी. जाहिरातीतले एन-फोर ही जपानी भाषा क्षमता परीक्षेची, म्हणजे जेएलपीटीची, एक पायरी. ही परीक्षा १९८४मध्ये सुरू झाली. २००९पर्यंत तिच्या चार पायऱ्या होत्या, २०१०पासून एन-५ (सर्वांत सोपी) ते एन-१ (सर्वांत अवघड) अशा पाच झाल्या. जुन्या पद्धतीत प्रत्येक पायरीसाठी साधारण किती अभ्यास लागतो हे परीक्षा घेणाऱ्यांनीच सांगून ठेवले होते. सर्वांत खालच्या पायरीसाठी १५० तास, ८०० शब्द आणि १०० कांजी, म्हणजे चिनीतून आलेली, अर्थ दाखवणारी अक्षरे. तिच्या वरच्या पायरीसाठी, जी आजच्या एन-४च्या जवळ जाते, ३०० तास, १,५०० शब्द आणि ३०० कांजी. आणि अगदी वरच्या पायरीसाठी ९०० तास, १०,००० शब्द आणि २,००० कांजी. नव्या परीक्षेसाठी अशा याद्या प्रसिद्ध होत नाहीत, पण अंदाजाला त्या अजूनही उपयोगी पडतात. तीनशे तास तीन महिन्यांत बसवायचे तर रोज, रविवार न सोडता, सव्वातीन तासांहून अधिक अभ्यास हवा. दिवसभर कारखान्यात उभे राहणाऱ्या मुलाला हे जमणार नाही आणि न जमल्याचा दोष तो स्वतःच्या बुद्धीला देतो. वर्षभराची तयारी धरून चालले, तर रोज तासाभराच्या आत हेच काम होते आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

साधनांची वानवा आहे, असेही नाही. जपान फाउंडेशनने परदेशी कामगारांसाठी तयार केलेली पाठ्यपुस्तके ध्वनिफितींसह विनामूल्य उतरवून घेता येतात. एनएचके वर्ल्डचे सोप्या जपानीचे धडे हिंदी आणि बंगालीतही आहेत. ऑस्ट्रेलियातील जिम ब्रीन यांनी १९९१च्या सुमारास सुरू केलेला जपानी-इंग्रजी कोश सर्वांना खुला असून बहुतेक मोफत शब्दकोश-अ‍ॅप त्याच्याच पायावर उभी आहेत. शब्द आणि कांजी विसरण्याच्या बेतात असतानाच पुन्हा समोर आणणारे ‘आंकी’ हे संगणकीय साधन डेमियन एल्म्स यांनी २००६मध्ये काढले आणि तेही जपानी शिकण्याच्या गरजेतूनच. एका पिढीपूर्वी पुण्यामुंबईबाहेरच्या माणसाला यातले काहीही हाती लागत नव्हते.

तरीही माझ्याकडे येणारी बहुतेक मुले चार-सहा महिन्यांत थांबतात आणि माझ्या मते त्याचे मुख्य कारण शिक्षक नसणे हे नाही. ती जपानी शिकतात इंग्रजीतून. ज्या इंग्रजीवर त्यांची स्वतःची पकड कच्ची आहे, तिच्यातून लिहिलेले स्पष्टीकरण वाचून आधी इंग्रजी वाक्य समजून घ्यायचे, मग त्यावरून जपानी रचना ओळखायची आणि शेवटी मनात मराठी करायची, असा हा तिहेरी व्यवहार आहे. वर्गात बसणाऱ्याचे त्यातून निभावते, कारण शिक्षक तोंडी मराठीत सांगून जातो. एकट्याने शिकणाऱ्याला तो आडवळणाचा रस्ता रोज चालावा लागतो. खेदाची गोष्ट अशी की त्या रस्त्याची गरजच नाही, कारण वाक्यरचनेत जपानी ही इंग्रजीपेक्षा मराठीच्या कितीतरी जवळ आहे.

क्रियापद शेवटी आणि विभक्तिप्रत्यय नामाच्या मागे, एवढे साम्य सगळेच सांगतात. खरा उपयोग त्याच्या पुढे सुरू होतो. ‘काल घेतलेले पुस्तक’ याला जपानीत ‘किनो कात्ता होन’ म्हणतात. काल, घेतलेले, पुस्तक, क्रम तोच. इंग्रजी स्पष्टीकरणात आधी पुस्तक, मग संबंधी सर्वनाम, मग घेणे आणि शेवटी काल, असा उलटा प्रवास असतो आणि त्यासाठी इंग्रजी पुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे, ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘कात्ते कुरु’ म्हणजे विकत घेऊन येणे. बघणे, ठेवणे, टाकणे, येणे ही आपली सहायक क्रियापदे ज्या छटेसाठी येतात, जवळजवळ त्याच छटेसाठी जपानीतील त्यांची भावंडे येतात. खाऊन बघण्यात डोळ्यांचा संबंध नाही, हे मराठी मुलाला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजी पुस्तकात मात्र हे चार स्वतंत्र धडे असतात.

याहून महत्त्वाचे उदाहरण आवडीनिवडीचे आहे. ‘मला मांजर आवडते’ या वाक्यात आवडणारे मांजर हाच कर्ता आहे आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत जाऊन बसतो. जपानीत ‘नेको गा सुकि’ म्हणतात, त्यातही मांजराला कर्मप्रत्यय ‘ओ’ लागत नाही, ‘गा’ लागतो. इंग्रजीत ‘मी’ कर्ता आणि मांजर कर्म असल्यामुळे तिच्यातून शिकणारा हमखास ‘ओ’ लावतो आणि हा अपवाद म्हणून पाठ करतो. तसे पाहिले तर तो अपवाद नाहीच. ‘मला कळते’ म्हणजे ‘वाकारु’, ‘मला हवे’ म्हणजे ‘होशिइ’, ‘मला जपानी येते’ म्हणजे ‘निहोंगो गा देकिरु’, ‘माझे डोके दुखते’ म्हणजे ‘आतामा गा इताइ’, ‘डोंगर दिसतो’ म्हणजे ‘यामा गा मिएरु’. हे सारे एकाच घरातले आहे आणि त्या घरात आपण लहानपणापासून वावरतो. बघणे आणि दिसणे यांत आपण जो भेद करतो तोच ‘मिरु’ आणि ‘मिएरु’ यांत आहे. पडणे-पाडणे ही आपली जोडी तिथे ‘ओचिरु-ओतोसु’ होते आणि फुटणे-फोडणे ‘वारेरु-वारु’. इंग्रजी माध्यमाची पुस्तके अशा जोड्यांच्या लांबलचक याद्या देऊन ‘पाठ करा’ म्हणतात. मराठीत एक वाक्य पुरते.

लिपीच्या बाबतीतही तसेच. आरंभीचे काही आठवडे मुले रोमन अक्षरांत जपानी लिहितात आणि ती सवय पुढे महिनोन्‌महिने सुटत नाही. वर्तमानपत्राला जपानीत ‘शिंबुन’ म्हणतात. रोमन लिपीत तिथे ‘न’ लिहिला जातो आणि मुले ‘शिन-बुन’ असे तोडून म्हणतात. जपानीतले ते अक्षर म्हणजे आपला अनुस्वारच आहे, पुढच्या वर्णाप्रमाणे म, न किंवा ङ होणारा. ‘गंगा’, ‘दंत’, ‘अंबा’ म्हणता येणाऱ्याला त्याचा नियम आधीच ठाऊक असतो. जपानी वर्णक्रम तर आपल्याच ओळखीचा आहे. आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘सा’ची ओळ ‘च’वर्गाच्या जागी आणि ‘हा’ची ओळ ‘प’वर्गाच्या जागी बसली आहे, कारण हा क्रम बसवला गेला तेव्हा त्यांचे जुने उच्चार त्या वर्णांच्या जवळचे होते, असे अभ्यासक मानतात. म्हणजे तोंडात मागून पुढे येणारी आपली क, च, त, प ही वाट तिथे जशीच्या तशी आहे. ही देणगी संस्कृतची. ‘सिद्धम्’ लिपीतील मंत्रांचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी ती जपानात रुजवली आणि त्या अभ्यासाचा पाया घालणारे कूकाइ हे ८०४मध्ये चीनला जाऊन ८०६मध्ये परतले. त्यांनीच वसवलेल्या कोयासान येथील विद्यापीठात २०१५मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. विषयांतराचा मोह आवरतो, पण हिरागाना या मूळ जपानी लिपीच्या ४६ अक्षरांना घाबरणाऱ्या मुलाला हा क्रम एकदा दाखवला की ती भीती उरत नाही, एवढे खात्रीने सांगतो.

कांजी हा विषय खरोखर मोठा आहे. जपान सरकारच्या २०१०च्या यादीत नित्य वापराच्या २,१३६ कांजी आहेत आणि त्यांतल्या अनेकींचे किमान दोन उच्चार आहेत, एक अस्सल जपानी आणि एक चिनीवरून आलेला. एकाच अक्षराचे दोन उच्चार हे ऐकून मुले गोंधळतात. त्यांना मी विचारतो की तांब्यात पाणी असते, मग ‘पाणीप्रपात’ का म्हणत नाही, ‘जलप्रपात’ का म्हणतो? एकटा शब्द घरगुती, जोडशब्द संस्कृत, ही आपलीही रीत आहे. पाण्याची कांजी एकटी असताना ‘मिझु’ आणि जोडशब्दात ‘सुइ’. आगीची एकटी असताना ‘हि’ आणि जोडशब्दात ‘का’, जशी आपल्याकडे आग आणि अग्नी. अपवाद पुष्कळ आहेत, तरी डोक्यात कप्पे तयार होतात. बाकी कांजीला शिक्षक लागत नाही. चौकटीची वही, रेघांचा ठरलेला क्रम आणि रोज थोड्या कांजी हाताने लिहिणे लागते. केवळ पडद्यावर ओळखता आलेली कांजी टिकत नाही, हे माझे मत आहे, आणि अ‍ॅपवर विसंबणाऱ्या तरुणांना ते पटत नाही, हेही मला ठाऊक आहे.

मराठी सगळीकडे साथ देते, असा माझा दावा नाही. वाक्याचा विषय दाखवणारा ‘वा’ आणि कर्त्याला लागणारा ‘गा’ या प्रत्ययांतला फरक मराठीतील ‘तर’ या अव्ययाने थोडासा उजळतो, पुढे वाचन वाढवल्याशिवाय तो अंगवळणी पडत नाही. जपानी विशेषण स्वतःच काळ चालवते, म्हणजे ‘ताकाइ’ महाग आहे आणि ‘ताकाकात्ता’ महाग होते. याला आपल्याकडे जोड नाही. देणे या एका क्रियेला, मी दुसऱ्याला दिले तर ‘आगेरु’ आणि दुसऱ्याने मला दिले तर ‘कुरेरु’, अशी दोन क्रियापदे आहेत. वस्तूच्या आकाराप्रमाणे बदलणारी गणनापदे आहेतच, ती सरावानेच येतात. स्वरांची लांबी मात्र मराठी माणसाला खास अडचणीची आहे. आपण बोलताना इकार-उकाराचे ऱ्हस्वदीर्घ फारसे पाळत नाही, तर तिथे ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बियर. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि मधला आकार लांबवला की आजी, आणि हा भेद देवनागरीत लिहून दाखवताही येत नाही, कारण आपल्याकडे आकार दीर्घच असतो. म्हणून देवनागरीचा आधार आरंभी घ्यावा आणि काना, म्हणजे हिरागानासारखी जपानी उच्चारलिपी, येताच तो सोडावा. टोकियोच्या बोलीत ‘हाशि’ या शब्दाचा पहिला स्वर उंच घेतला तर जेवणाच्या काड्या आणि दुसरा उंच घेतला तर पूल, हे चढउतार पुस्तकावरून येत नाहीत. ध्वनिफितीबरोबर, तिच्या पाठोपाठ मोठ्याने म्हणत राहणे, ज्याला शिकणारे ‘शॅडोइंग’ म्हणतात, आणि आपला आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहणे, हाच एकट्याचा उपाय आहे.

इथे परीक्षेची एक मर्यादा सांगायला हवी. जेएलपीटीत सारे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. बोलणे तपासले जात नाही, लिहिणेही नाही. एन-४ला १८०पैकी ९० गुण पुरतात, मात्र भाषाज्ञान व वाचन या भागात १२०पैकी ३८ आणि श्रवणात ६०पैकी १९ हवेतच, नाहीतर एकूण गुण कितीही असले तरी उमेदवार अनुत्तीर्ण होतो. केवळ वाचून तयारी करणारे श्रवणात अडकतात ते यामुळे. व्हिसासाठी एन-४ऐवजी जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षाही चालते, तिथे २५०पैकी २०० गुण लागतात, पण बोलणे तिच्यातही नाही. परिणामी प्रमाणपत्र हातात आणि तोंडातून वाक्य फुटत नाही, अशी स्थिती वर्गातून आलेल्यांचीही होते आणि एकट्याने शिकलेल्यांची तर होतेच.

दुसरी अडचण आदरार्थी भाषेची. तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्या आपल्या माणसाला आदर म्हणजे काय ते कळते, तरी जपानी कार्यालयाची रीत त्याला उलटी वाटते. बाहेरच्या माणसाचा फोन आला तर आपण ‘साहेब बाहेर गेले आहेत’ म्हणतो. जपानी कर्मचारी बाहेरच्याशी बोलताना स्वतःच्या साहेबांचे आडनाव आदराचे ‘सान’ न लावता घेतो आणि त्यांच्यासाठी नम्रतेचे, स्वतःकडे लहानपण घेणारे क्रियापद वापरतो, कारण त्या क्षणी साहेब आपल्या बाजूचे आणि समोरचा माणूस परका असतो. हे नियम म्हणून वाचता येते, पण ऐनवेळी योग्य रूप तोंडात येण्यासाठी समोर टोकणारे कोणीतरी लागते. तो पगारी शिक्षकच असला पाहिजे असे नाही. आठवड्यातून तासभर बोलणारा, थोडा पुढे गेलेला सोबतीही पुरतो.

जपानच्या इतिहासातच याचा एक उत्तम दाखला आहे. १७७१मध्ये एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, सुगिता गेनपाकु, माएनो र्‍योताकु आणि त्यांचे सहकारी या वैद्यांनी एका मृतदेहाचे विच्छेदन पाहिले आणि हातातल्या डच शरीरशास्त्राच्या पुस्तकातील चित्रे त्याच्याशी तंतोतंत जुळतात हे पाहून ते पुस्तक भाषांतरित करायचे ठरवले. शिकवणारा कोणी नव्हता, धड कोशही नव्हता. थोडेफार डच येत होते ते र्‍योताकुंना, गेनपाकुंना तर अक्षरांपासून सुरुवात करावी लागली. भुवया म्हणजे डोळ्यांच्या वर उगवणारे केस, एवढ्या एका वाक्यापायी वसंतातला एक लांबलचक दिवस खर्ची पडल्याचे गेनपाकुंनी म्हातारपणी लिहून ठेवले आहे. १७७४मध्ये ‘काइताइ शिन्शो’ या नावाने ते भाषांतर प्रसिद्ध झाले आणि जपानमधील पाश्चात्त्य वैद्यकाच्या अभ्यासाला त्याने दिशा दिली. या मंडळींना गुरू नव्हता, पण ती ठरलेल्या दिवशी एकत्र बसत होती. आपल्याकडची मुले एकेकटी, प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून शिकतात आणि एकाच गावात तिघे जण जपानी शिकत असले तरी त्यांचा एकमेकांना पत्ता नसतो.

म्हणून माझ्या सूचना दोनच आहेत आणि दोन्ही खर्चाच्या नाहीत. पहिली अशी की मराठी व्याकरणाच्या पायावर, आपल्या विभक्ती, प्रयोग, कृदन्ते आणि सहायक क्रियापदे यांच्या आधाराने, एन-४पर्यंत नेणारे स्वयंशिक्षणाचे पुस्तक ध्वनिफितींसह तयार व्हावे आणि ते विनामूल्य उपलब्ध असावे. प्राथमिक टप्पा पूर्ण पार करून देणारे असे पुस्तक मला तरी बाजारात आढळलेले नाही. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा काही दशकांची आहे. तिथे दोन्ही भाषा उत्तम जाणणारी माणसे आहेत. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मनावर घेतले, तर हे काम अवघड नाही. इंग्रजी पुस्तकाचे भाषांतर मात्र कृपा करून करू नये, कारण मग मांजराचा ‘ओ’ पुन्हा मराठीतही येईल. दुसरी सूचना तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांना आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी एक टेबल आणि चार खुर्च्या जपानी शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या आणि दारावर तशी पाटी लावली, तर ही मुले एकमेकांना सापडतील.

आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा पाव पान या विषयाला दिले, तर पुस्तक येईपर्यंतची सोय होईल. एका वेळी एक रचना, तिचे मराठी प्रतिरूप आणि पाच-सहा वाक्ये, एवढेच त्यात असावे. महाराष्ट्रात जेएलपीटीची केंद्रे मुंबई आणि पुणे येथे आहेत, परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते आणि अर्जांची मुदत काही महिने आधीच संपते, ही माहितीही वेळच्या वेळी छापली गेल्यास आमच्या भागातील मुलांची एक फेरी वाया जाणार नाही. मराठी-जपानी रचनांची तुलना करणारी माझी टिपणे वह्यांमध्ये पडून आहेत. ती जाणकारांकडून तपासून घ्यावी लागतील, पण कोणी हे काम हाती घेणार असेल तर मी ती विनामोबदला देण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, मिरज